एप्रनच्या खिशात मावेल तोच टॅब: क्लिनिकल पोस्टिंगला निघालेल्यांसाठी

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाच्या क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डात पेशंट बघत शिकण्याच्या फेऱ्या, सुरू झाल्या की मिरज-सांगलीच्या हॉस्टेलांतून एकच प्रश्न फिरायला लागतो: टॅब कुठला घेऊ? उत्तरं येतात ती सगळी खोलीत बसून दिलेली. स्क्रीन मोठी घे, लेक्चरला बरी पडते. कीबोर्डवाला घे. रॅम जास्त बघ. सल्ला चुकीचा नसतो, पण तो गादीवर लोळत व्हिडिओ बघणाऱ्यासाठी असतो. वॉर्डात उभं राहून, एका हातात केसपेपर, गळ्यात स्टेथो आणि समोर घाईतले सर असताना जी वस्तू उपयोगी पडते ती वेगळी. अकरा इंची टॅब हौसेनं घेणारे बहुतेक जण थोड्याच दिवसांत तो खोलीवर ठेवून यायला लागतात, कारण वॉर्डात तो धरायला तिसरा हात लागतो.

तेव्हा इथे फक्त वॉर्डाचा विचार केलाय. लेक्चरसाठी लॅपटॉप असेलच, नसला तर मित्राचा असतो.

पहिली पायरी: आधी महिनाभर काहीच घेऊ नका

हातात स्मार्टफोन आहे. पहिली पोस्टिंग त्याच्यावरच काढा आणि एवढंच बघा, की फोन कुठे कमी पडतोय. औषधाचा डोस बघणं, आजार किती गंभीर ते सांगणारा स्कोअर काढणं, एखाद्या आजाराचा एक परिच्छेद वाचणं या सगळ्याला साडेसहा इंची फोन पुरतो. फोन कमी पडतो तो तीन ठिकाणी. पुस्तकाच्या पानाएवढी पीडीएफ वाचताना; ईसीजी किंवा एक्स-रेचं चित्र पुस्तकातल्या चित्राशेजारी ठेवून बघताना; आणि पेनानं आकृती काढत नोट्स घेताना. यातलं एकही तुम्ही वॉर्डात करत नसाल, तर टॅबचे पैसे वाचवा. चांगला स्टेथो घ्या, रिफ्लेक्स तपासायचा हॅमर घ्या, कंपनाची जाणीव तपासायचा १२८ हर्ट्झचा ट्युनिंग फोर्क घ्या. परीक्षेच्या दिवशी टॅब बाहेर ठेवावा लागतो, हॅमर आत नेता येतो.

आणखी एक: टॉर्चचं काम फोनच्या फ्लॅशवर भागवू नका. प्युपिल (डोळ्याची बाहुली) बघायला तो फार प्रखर पडतो आणि पेशंट डोळे गच्च मिटून घेतो. पेनटॉर्च शंभर-दीडशे रुपयांत मिळते.

दुसरी पायरी: खिसा मोजा

दुकानात जाण्याआधी एप्रन काढा आणि खालच्या खिशाची रुंदी-खोली पट्टीनं मोजा. एप्रन शिंप्याकडून शिवून घेतलेला असेल तर खिसा एक मापाचा, तयार घेतलेला असेल तर दुसऱ्याच. शिंप्याकडून घेणार असाल तर खिसा थोडा खोल आणि दुहेरी शिवणीचा सांगा, तो काही जास्तीचे पैसे मागत नाही.

आता मापं. आयपॅड मिनी साधारण १९.५ बाय १३.५ सेंटीमीटर आहे आणि वजन तीनशे ग्रॅमच्या आत. सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए ९ हा ८.७ इंची स्क्रीनचा, साधारण २१ बाय १२.५ सेंटीमीटर, वजन ३३२ ग्रॅम. लांबीला जास्त असला तरी रुंदीला कमी असल्यामुळे तो बऱ्याच खिशांत मिनीपेक्षा सहज उतरतो, फक्त वरून थोडा डोकावतो. सॅमसंगचाच टॅब एस ६ लाइट १०.४ इंची आहे, पेन डब्यातच मिळतं, पण वजन पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास आणि खिशात जाण्याचा प्रश्नच नाही. कव्हर चढवलं की या सगळ्यांत आणखी शंभरेक ग्रॅम वाढतात, ते विसरू नका. तासाभराच्या राउंडनंतर एका बाजूला ओढला गेलेला एप्रन आणि दुखणारा खांदा, दोन्ही त्या शंभर ग्रॅमचे असतात.

माझं मत स्पष्ट आहे: खिशात न मावणारा टॅब वॉर्डासाठी घेऊ नये. हातात धरलेली वस्तू पेशंट तपासायच्या वेळी कुठेतरी ठेवावी लागते. मग ती लॉकरवर, खिडकीत, नाहीतर पेशंटच्या पायाशी पलंगावर जाते. तिथून ती एकतर हरवते, नाहीतर वॉर्डातले जंतू घेऊन तुमच्या जेवणाच्या टेबलावर येते. १९९६ साली पाम पायलट हा तळहाताएवढा संगणक आला आणि पुढे परदेशातल्या डॉक्टरांनी तो उचलून धरला, त्याचं एक मोठं कारण हेच होतं की तो शर्टाच्या खिशात जायचा. स्क्रीन आजच्या हिशेबानं अगदीच बापुडवाणी होती, तरी चालली.

पेन हवं की नको

वॉर्डात टाइप करत बसणं जमत नाही, हे दोन दिवसांत कळतं. लिहायचं असेल तर पेन लागतं, आणि इथे फसगत होते. टॅब ए ९ स्वस्त आहे, पण त्यावर सॅमसंगचं एस पेन चालत नाही. दुकानदार जे रबरी टोकाचं 'स्टायलस' देतो ते म्हणजे बोटाचाच पर्याय; तळहात स्क्रीनला टेकला की रेघा उमटतात. आयपॅडचं पेन वेगळं विकत घ्यावं लागतं, आणि प्रत्येक पेन प्रत्येक आयपॅडला लागत नाही. २०२१ च्या मिनीला दुसऱ्या पिढीची पेन्सिल लागते, २०२४ च्या मिनीला ती लागत नाही, पेन्सिल प्रो लागते. यूएसबी-सी वाली स्वस्त पेन्सिल दोन्हींना चालते, पण दाब कमी-जास्त केल्यानं रेघ जाड-बारीक होत नाही. आकृत्यांना त्यानं फारसं बिघडत नाही. सीनिअरकडून जुनी पेन्सिल घेताना आयपॅड सोबत नेऊन जोडून बघा.

पेन नकोच असेल तर खिशात चार आण्याची छोटी वही ठेवा आणि संध्याकाळी तिचे फोटो काढा. लॉगबुक, म्हणजे पोस्टिंगमधल्या कामाची नोंदवही, शेवटी कागदावरच सही करून घ्यायचं असतं.

अँड्रॉइड की आयपॅड

यावर रात्रभर भांडणारे खूप आहेत, म्हणून हे थोडक्यात. औषधांची, स्कोअरची मुख्य अ‍ॅप दोन्हीकडे आहेत. बजेट पंधरा हजारांच्या आत असेल तर अँड्रॉइड. पन्नास हजारांच्या पुढे जायची तयारी असेल, चार-पाच वर्षं वापरायचा असेल आणि पेनानं भरपूर लिहिणार असाल तर आयपॅड मिनी. तुमची एंट्रन्सची तयारी ज्या अ‍ॅपवर चालली आहे ते किती उपकरणांवर चालू देतं, हे मात्र आधी बघा. नवा टॅब घेतला आणि लॉगिनच होईना, असं व्हायला नको.

मेमरी १२८ जीबीच्या खाली घेऊ नका. कार्डाची सोय असेल तर ६४ चालून जाईल. रॅम ४ जीबी म्हणजे काठावर, ६ असली तर बरं. सिमवाला टॅब घेण्यापेक्षा वायफायवाला घ्या आणि फोनचा हॉटस्पॉट वापरा. फरकाच्या पैशांत पॉवर बँक येते.

पॉवर बँक लागतेच. वॉर्डात प्लगपॉइंट मोजके असतात आणि ते पेशंटसाठी असतात. इन्फ्युजन पंपाचा किंवा सक्शनचा प्लग काढून स्वतःचा चार्जर लावणारा इंटर्न सिस्टरांच्या लक्षात कायमचा राहतो, आणि ते योग्यच आहे. दहा हजार एमएएचची एक बॅगेत असू द्या.

तिसरी पायरी: आत काय भरायचं

खरी मेहनत इथे आहे. टॅब कुठला घेतला याच्यापेक्षा त्यात काय आहे आणि ते तुम्ही कसं वाचता, यानं फरक पडतो.

मेडस्केप हे औषधं-आजारांच्या माहितीचं अ‍ॅप मोफत आहे, फक्त नोंदणी करावी लागते. एमडीकॅल्कवर जवळपास सगळे स्कोअर सापडतात. दोन्ही अमेरिकेतली आहेत. तिथेच ठेच लागते.

पहिली ठेच नावांची. आपण अ‍ॅड्रेनलिन म्हणतो, ते तिथे एपिनेफ्रिन. सालबुटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, पॅरासिटामॉल म्हणजे अ‍ॅसिटामिनोफेन, रिफाम्पिसिन म्हणजे रिफाम्पिन, ग्लिबेनक्लामाइड म्हणजे ग्लायब्युराइड. आपलं नाव टाकून औषध सापडलं नाही तर ते 'नाही' असं समजू नका. उलट आपल्या ओपीडीत रोज लिहिली जाणारी काही औषधं तिथे खरोखरच बाजारात नाहीत: अ‍ॅसेक्लोफेनॅक, निमेसुलाइड, ग्लिक्लाझाइड, विल्डाग्लिप्टिन. त्यांच्यासाठी भारतीय संदर्भच लागतो. राष्ट्रीय आवश्यक औषधांची २०२२ ची यादी ३८४ औषधांची आहे, तिची पीडीएफ उतरवून ठेवा. सरकारी दवाखान्यात तुमच्या समोर येणारी बरीचशी औषधं त्यात असतात.

दुसरी ठेच बाटलीची, आणि ही धोक्याची आहे. समजा नऊ किलोचं मूल तापानं आलंय. पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम धरलं तर १३५ मिलिग्रॅम. इथपर्यंत जगात सगळीकडे सारखं. पण अमेरिकन अ‍ॅप पुढे जाऊन मिलिलिटरही सांगतं: ४.२. कारण तिकडचं सिरप ५ मिलिलिटरला १६० मिलिग्रॅमचं असतं. आपल्याकडे ५ मिलिलिटरला १२० ची बाटली असते आणि २५० चीही असते. १२० च्या बाटलीतून १३५ मिलिग्रॅम म्हणजे ५.६ मिलिलिटर, २५० च्या बाटलीतून २.७. आता तोच ४.२ चा आकडा डोळे झाकून २५० च्या बाटलीतून दिला, तर मुलाला २१० मिलिग्रॅम जातं, म्हणजे किलोला २३. आणि ताप उतरेना म्हणून आई दर चार तासांनी तेच देत राहते. म्हणून अ‍ॅपमधून फक्त मिलिग्रॅम घ्यायचे. मिलिलिटर बाटली हातात घेऊन, लेबल वाचून, स्वतः काढायचे.

तिसरी ठेच एककांची. आपली लॅब साखर मिलिग्रॅममध्ये देते, ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन संदर्भ मिलिमोलमध्ये. १८ नं भागायचं: १८० म्हणजे १०. क्रिएटिनिनला ८८.४ नं गुणायचं: १.२ म्हणजे साधारण १०६ मायक्रोमोल. हे सहसा चुकत नाही, कारण आकडाच विचित्र दिसतो. चुकतं ते युरियाचं. आपला रिपोर्ट 'ब्लड युरिया' देतो, अमेरिकन अ‍ॅप 'बीयूएन' (युरियातला फक्त नायट्रोजन) मागतं, आणि दोन्ही मिलिग्रॅममध्येच असल्यानं शंका येत नाही. युरियाला २.१४ नं भागलं की बीयूएन मिळतं. न्यूमोनियाच्या पेशंटचा कर्ब-६५, म्हणजे न्यूमोनिया किती गंभीर ते सांगणारा स्कोअर, काढताय, युरिया ३६ आलाय. तो तसाच बीयूएनच्या रकान्यात टाकला तर १९ च्या वर म्हणून एक गुण चढला. खरं बीयूएन १७ च्या आत आहे, गुण शून्य. एका गुणावर पेशंट घरी पाठवायचा की ठेवून घ्यायचा हे ठरतं, आणि सरांनी 'कसा आला हा गुण?' विचारलं की तोंड उघडत नाही.

चौथी गोष्ट आपल्या भागाची. ऊस, द्राक्षबागा, पावसाळा: कॅज्युअल्टीला सर्पदंश येणारच. परदेशी अ‍ॅपमध्ये सर्पदंश शोधला तर रॅटलस्नेकचं अँटिव्हेनम समोर येतं, त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. आपलं अँटिव्हेनम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचं एकत्र असतं, आणि लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकंच द्यायचं असतं, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. केंद्र सरकारची सर्पदंशाची उपचारपद्धती पीडीएफमध्ये मिळते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लोज तर आधी उतरवा: एका आजाराला एक पान, कुठल्या पातळीच्या दवाखान्यात काय करायचं ते वेगळं दाखवलेलं, मोफत अ‍ॅपही आहे. राउंडआधीच्या पाच मिनिटांत वाचायला यापेक्षा कामाचं मला दुसरं सापडलेलं नाही.

औषधाचा दुष्परिणाम दिसला तर कळवण्यासाठी फार्माकोव्हिजिलन्सचं अ‍ॅप आहे आणि १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर. फार्माकॉलॉजीच्या व्हायवाला (तोंडी परीक्षेला) हमखास विचारतात.

एआय चॅटबॉटबद्दल सगळेच विचारतात. विषय समजून घ्यायला वापरा. डोससाठी नको. तो चुकीचा आकडाही त्याच आत्मविश्वासानं सांगतो, आणि तुम्हाला अजून चूक ओळखता येत नाही. पेशंटचं नाव, रिपोर्टचा फोटो त्यात टाकणं तर साफ चूक.

कन्नडचं काय? मिशनरी डॉक्टर वानलेसांच्या १८९४ च्या हॉस्पिटलपासून मिरजेला कर्नाटकातून पेशंट येतात, आणि अथणी-चिकोडीकडची म्हातारी तुमच्याशी मराठीत बोलेलच असं नाही. गूगल ट्रान्सलेटमध्ये कन्नड ऑफलाइन उतरवून ठेवता येतं, ठेवा. पण हिस्ट्री त्याच्यावर घेऊ नका. 'एल्ली नोवु?' म्हणजे कुठे दुखतंय आणि 'एष्टु दिनदिंद?' म्हणजे किती दिवसांपासून, एवढं तोंडपाठ करा आणि पुढचं सोबतच्या नातेवाइकाला किंवा वॉर्डातल्या मावशींना विचारा. मावशींना कन्नडही येतं आणि म्हातारी काय लपवतेय तेही कळतं.

स्वच्छता

कव्हर साधं, गुळगुळीत, सिलिकॉनचं घ्या. कापडी, चामडी, घडीचं कव्हर वॉर्डात नको, ते पुसता येत नाही. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपनं वॉर्डातून बाहेर पडताना पुढून-मागून पुसा. ब्लीच वापरू नका. वाइप ओलं असावं, पण चार्जिंगच्या भोकात थेंब जाऊ नये. जुलाबाचा संसर्गजन्य पेशंट असेल तर टॅब बाहेरच ठेवा, कारण जुलाब करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम जंतूचे स्पोअर (बीजाणू) अल्कोहोलनं मरत नाहीत. ग्लोव्हज घातलेल्या हातानं स्क्रीनला हात लावायचा नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून. ओटी आणि आयसीयूत तिथल्या सिस्टर सांगतील तसं. एमआरआयच्या खोलीत मात्र विचारायचाही प्रश्न नाही, तिथे काहीही धातूचं घेऊन शिरू नका.

मिरज आणि सांगली अशा दोन्हीकडच्या सिव्हिलला पोस्टिंग असणाऱ्यांनी पावसाळ्याचाही विचार करावा. आठ-दहा किलोमीटर गाडीवरून भिजत जायचं असतं. साधी झिपवाली प्लास्टिकची पिशवी बॅगेत ठेवली तर वॉटरप्रूफ टॅबची गरज पडत नाही.

पेशंटचे फोटो

छान क्लिनिकल साइन, म्हणजे तपासताना दिसणारी आजाराची खूण, दिसली की हात कॅमेऱ्याकडे जातो. थांबा. पेशंटची आणि युनिटची परवानगी असल्याशिवाय फोटो नाही. ओळख पटेल असा फोटो किंवा केसची माहिती संमतीशिवाय प्रसिद्ध करणं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेतच निषिद्ध आहे, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा वेगळाच. पण प्रत्यक्षात घोळ होतो तो कायद्यापेक्षा साध्या गोष्टीनं: टॅबवर फोटोंचा ऑटो बॅकअप चालू असतो, घरच्यांबरोबर अल्बम शेअर केलेला असतो, आणि डायबेटिक फूटचा (मधुमेहानं चिघळलेल्या पायाचा) फोटो रात्री घरी टीव्हीवर येतो. बॅकअप बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपचं 'गॅलरीत सेव्ह' बंद करा. नोट्समध्ये नाव, आयपीडी नंबर लिहू नका; '५५ पुरुष, खाट ७' पुरे. स्क्रीनलॉक तर हवाच.

आणि एक्स-रेच्या फोटोवरून मत देऊ नका. व्ह्यूबॉक्सवरच्या फिल्मचा टॅबनं काढलेला फोटो बघून बारीक फ्रॅक्चर किंवा छोटा न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाभोवती साठलेली हवा) सुटतो.

राउंडला टॅब काढताना तोंडानं सांगा: 'सर, डोस बघतोय.' पेशंटच्या नातेवाइकांना तुम्ही इन्स्टावर आहात असंच वाटतं, आणि काही सरांनाही. हिस्ट्री घेताना मात्र तो खिशातच राहू द्या.

घेताना

गणपती पेठ, हरभट रोड, विश्रामबाग किंवा मिरजेचं लक्ष्मी मार्केट, जिथून घ्याल तिथे एप्रन बरोबर न्या आणि काउंटरवरच खिशात घालून बघा. दुकानदार हसेल, हसू द्या. पक्कं बिल घ्या आणि सर्व्हिस सेंटर सांगलीत आहे की कोल्हापूरला पाठवतात, ते विचारून ठेवा. ऑनलाइन स्वस्त मिळाला तरी हे आधी बघा.

जुना घेताना आयपॅड असेल तर मालकाला समोर स्वतःच्या अकाउंटमधून बाहेर पडायला लावा, नाहीतर लॉक पडलेली काच घरी येते. सिमवाला असेल तर आयएमईआय नंबर (प्रत्येक सिमवाल्या उपकरणाचा ओळख क्रमांक) तपासा: केवायएम लिहून, एक जागा सोडून नंबर टाकून १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असला तर कळतं.

घरी आणल्यावर सगळं भरून झालं की टॅब एअरप्लेन मोडवर टाका आणि एकेक अ‍ॅप, एकेक पीडीएफ उघडून बघा. तळमजल्यावरच्या रेडिओलॉजीत आणि जाड भिंतींच्या जुन्या वॉर्डांत रेंजचा भरवसा नसतो. जे उघडत नाही ते हॉस्टेलच्या वायफायवर त्याच रात्री उतरवून घ्या, सकाळी आठच्या राउंडला नव्हे.